प्रेसबिटेरियन मंडळी : उपासना, सेवा आणि सामुदायिक नेतृत्व

ग्रीक भाषेत ‘प्रेस्बितेरॉस’ म्हणजे वडील, ज्येष्ठ. प्रेषितांनी ठिकठिकाणच्या मंडळ्यांसाठी असे वडील नेमले, याचे उल्लेख प्रेषितांच्या कृत्यांत आहेत (१४:२३ आणि २०:१७). कॅथलिक परंपरेत याच शब्दापासून धर्मगुरुपदाचे नाव आले आणि महागुरुस्वामींच्या हस्तस्पर्शाने मिळणाऱ्या दीक्षेशी ते जोडले गेले. सोळाव्या शतकातील स्कॉटिश सुधारकांनी त्याच शब्दाचा निराळा अर्थ लावला. मंडळीवर एका बिशपची सत्ता नसावी, तिने निवडलेल्या वडीलजनांच्या सभेने तिचा कारभार पाहावा, असे त्यांचे म्हणणे होते. या रचनेवरूनच ‘प्रेसबिटेरियन’ हे नाव पडले. त्या नावात कोणा संस्थापकाचे नाव नाही व एखाद्या सिद्धान्ताचेही नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरातील गारखेडा, पुंडलिकनगर यांसारख्या वस्त्यांत राहणाऱ्या कॅथलिक भाविकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. शहरापासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेले जालना हे एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश प्रेसबिटेरियन मिशनचे मराठवाड्यातील प्रमुख केंद्र होते. तेथील जुन्या मंडळ्यांचा वारसा आज चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सी.एन.आय., या नावाखाली चालतो. ‘आमचे लोक स्कॉच मिशनचे’ असे सांगणाऱ्या घराण्याशी सोयरीक जुळली, की त्यांच्या मंडळीत धर्मगुरू कोण नेमतो, निर्णय कोण घेते, असे प्रश्न आपल्या लोकांना पडतात. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार केला आहे.

वडीलजनांची सभा

स्कॉटलंडच्या संसदेने १५६० साली जॉन नॉक्स यांच्या प्रभावाखाली पोपमहोदयांचा अधिकार नाकारला. मात्र बिशप असावेत की नसावेत हा वाद तेथे पुढे शतकाहून अधिक काळ चालला आणि १६९० मध्ये प्रेसबिटेरियन पद्धती कायम झाली. तिची मांडणी अशी: प्रत्येक मंडळीत पाळक आणि निवडलेले वडील मिळून एक सभा असते, तिला ‘सेशन’ म्हणतात. पाळक या सभेचा अध्यक्ष असतो, स्वामी नव्हे. परिसरातील मंडळ्यांचे पाळक आणि प्रत्येक सेशनने पाठविलेले वडील मिळून ‘प्रेसबिटरी’ बनते. आपल्याकडे जे अधिकार महागुरुस्वामींचे, त्यांपैकी बरेचसे तेथे या प्रेसबिटरीचे आहेत. पाळकाला दीक्षा देणे, त्याची नेमणूक मान्य करणे, तक्रारीची चौकशी करणे ही कामे ती करते. तिच्यावर सिनड आणि सर्वांत वर महासभा असते. महासभेचा अध्यक्ष, म्हणजे मॉडरेटर, साधारणतः एका वर्षापुरता असतो. वर्ष संपले की तो पुन्हा आपल्या नेहमीच्या सेवेकडे परततो.

सेशनमधील वडील हा शिक्षक, शेतकरी, कारकून, कोणीही असू शकतो. त्यालाही प्रार्थनेने पदावर स्थापन केले जाते. त्याला उपदेशाचा व संस्कारांचा अधिकार नसतो, परंतु मतदानात त्याचे मत पाळकाच्या मताइतकेच धरले जाते. त्याच्याकडे काही कुटुंबे सोपविलेली असतात. आजारपण, भांडण, मृत्यू अशा प्रसंगी त्याने त्या घरी जावे, अशी अपेक्षा असते. चर्च ऑफ स्कॉटलंडने १९६६ मध्ये स्त्रियांना वडीलपद आणि १९६८ मध्ये पाळकपद खुले केले. जगातील सर्वच प्रेसबिटेरियन मंडळ्यांनी तसे केलेले नाही.

पाळक कोणी निवडावा, या एका प्रश्नावरून १८४३ साली या चर्चचे दोन तुकडे झाले. स्कॉटलंडमध्ये अनेक ठिकाणी पाळक नेमण्याचा हक्क जमीनदारांकडे होता. मंडळीला नको असलेला पाळक तिच्यावर लादता येणार नाही, असे म्हणणारे साडेचारशेहून अधिक पाळक त्या वर्षीच्या मे महिन्यात घर, पगार आणि चर्चची इमारत सोडून बाहेर पडले. त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केले. भारतातील स्कॉटिश मिशनऱ्यांनीही त्यांचीच बाजू घेतली. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांना आपल्या मिशनच्या इमारतींवर पाणी सोडावे लागले. जो हक्क त्यांनी एवढी किंमत देऊन स्वतःसाठी राखला, तो त्यांच्या मराठी मंडळ्यांना कितपत मिळाला, याचा विचार पुढे येईलच.

उपासना

प्रेसबिटेरियन उपासनेचा केंद्रबिंदू पवित्र शास्त्राचे वाचन आणि त्यावरील प्रवचन हा आहे. जुन्या स्कॉटिश चर्चमध्ये वेदीच्या जागी उंच व्यासपीठ दिसे. मूर्ती, मेणबत्त्या, धूप यांना स्थान नव्हते आणि बराच काळ वाद्यांनाही नव्हते. केवळ स्तोत्रे गायिली जात. मराठी मंडळ्यांनी हा कोरडेपणा फार काळ टिकू दिला नाही. अभंग, पदे, भजन, कीर्तन यांनी त्यांची उपासना भरून गेली. रेव्ह. नारायण वामन टिळक हे १८९५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतलेले, म्हणजे प्रेसबिटेरियन नव्हेत. तरी त्यांची गीते मिशनांच्या सीमा ओलांडून सर्वत्र गेली.

बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच संस्कार ते मानतात. बालकांनाही बाप्तिस्मा देतात. प्रभुभोजन पूर्वी वर्षातून मोजक्याच वेळा होई, आणि त्यामागे अनास्था नव्हती. स्कॉटलंडमध्ये त्याआधी कित्येक दिवस तयारीच्या सभा चालत. वडील घरोघर जाऊन कुटुंबाची विचारपूस करीत आणि योग्य वाटलेल्या सभासदाला धातूचा एक लहान बिल्ला देत. तो बिल्ला दाखविल्यावरच मेजाशी बसता येई. ज्याचे शेजाऱ्याशी वैर आहे, त्याने आधी समेट करावा, असा दंडक होता. प्रायश्चित्त संस्कार त्यांनी नाकारला खरा, पण सद्‌सद्विवेकाच्या तपासणीची निकड त्यांना टाळता आली नाही, असे म्हणावेसे वाटते. भाकर आणि प्याला वडीलजन आसनांपर्यंत घेऊन जातात, हे दृश्य आजही अनेक ठिकाणी दिसते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रेसबिटेरियन लोक प्रभुभोजनाला नुसती आठवण मानतात, असे आपल्याकडे सरसकट बोलले जाते. ज्यांच्या विचारावर ही परंपरा उभी आहे त्या कॅल्व्हिन यांची शिकवण तशी नव्हती. पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने विश्वासणारा ख्रिस्ताशी खरोखर एक होतो, असे ते म्हणत. भाकर व द्राक्षारस यांचे ख्रिस्तशरीर व ख्रिस्तरक्त यांत परिवर्तन होते, ही आपली श्रद्धा मात्र ते स्वीकारीत नाहीत. हा फरक किरकोळ नाही. म्हणूनच त्यांच्या उपासनेस उपस्थित राहणाऱ्या कॅथलिक भाविकाने तेथे गीत गावे, प्रार्थना करावी, प्रवचन ऐकावे, परंतु प्रभुभोजन घेऊ नये.

जालना आणि बेथेल

महाराष्ट्रातील प्रेसबिटेरियन कार्याचा आरंभ कोकणात बाणकोट येथे १८२३ साली झाला. डॉ. विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले आणि १८३१ मध्ये त्यांनी तेथे एतद्देशीय ख्रिस्ती लोकांची लहानशी मंडळी स्थापन केली. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मराठी शिकून मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. नागपुरात स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आले. दक्षिणेस कोल्हापुरात अमेरिकन प्रेसबिटेरियनांचे काम वाढले. त्यातूनच १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीला त्यांचेच नाव आहे.

मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाचे नाव म्हणजे रेव्ह. नारायण शेषाद्री. जन्माने ब्राह्मण असलेले हे विद्यार्थी मुंबईच्या स्कॉटिश शाळेत शिकले. १८४३ मध्ये, म्हणजे फ्री चर्च स्थापन झाले त्याच वर्षी, रॉबर्ट नेस्बिट यांच्या हस्ते त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८५४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. जालना येथे मिशनचे काम सुरू झाल्यावर पुढे ते त्याचा आधारस्तंभ बनले. त्यांच्याभोवती जमलेली मंडळी मुख्यतः मांग व महार समाजांतील होती. गावकुसाबाहेर राहणाऱ्या या लोकांना ख्रिस्ती झाल्यानंतर गावात आणखीच अडचणी येत. तेव्हा निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून शेषाद्री यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांचे स्वतंत्र गाव वसविले. ‘देवाचे घर’ या अर्थाचे बेथेल हे नाव त्यांनी त्याला दिले. उपासना, शाळा, शेती आणि कारागिरी एकाच ठिकाणी चालावी, असा त्यांचा विचार होता. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते बोलले. १८९१ मध्ये समुद्रप्रवासात त्यांचे निधन झाले.

वडीलजनांच्या सभेची कल्पना मराठवाड्याच्या मातीत काय घडवू पाहत होती, हे येथे दिसते. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्याला निवडून येऊन ब्राह्मण घराण्यातील पाळकाशेजारी बसण्याचा आणि बरोबरीने मत देण्याचा हक्क या रचनेने दिला होता. त्या काळी हैदराबाद संस्थानात अशा दुसऱ्या किती सभा असतील? व्यवहार मात्र नियमाइतका सरळ नव्हता. गाव, जमीन, शाळा, नोकरी हे सारे ज्या एका व्यक्तीच्या प्रयत्नाने मिळते, तिच्यापुढे बरोबरीने बोलणे कोणालाही जड जाते. बेथेलची कल्पना, तिची उभारणी आणि तिच्यासाठी परदेशांत फिरून निधी मिळविणे, हे सर्व शेषाद्री यांच्याच भोवती फिरत होते.

दुसरी अडचण अधिक खोल होती. प्रेसबिटरीत एतद्देशीय पाळक आणि वडील युरोपियनांच्या बरोबरीने बसत. धनजीभाई नवरोजी, शेषाद्री आणि पुण्याच्या मंडळीचे पाळक बाबा पदमनजी ही नावे त्या काळी आदराने घेतली जात. परंतु परदेशातून येणारा पैसा, मिशनच्या इमारती आणि पगार यांचा कारभार मिशनरी मंडळींच्या स्वतंत्र समितीकडे असे. आध्यात्मिक बाबतीत समान मत आणि तिजोरीच्या बाबतीत निराळी व्यवस्था, असा हा दुहेरी संसार अनेक दशके चालला. आपला पाळक आपण पोसावा, हा आग्रह मराठी मंडळ्यांत पुढे का वाढला, याचे उत्तर यात आहे.

मिझोरामच्या प्रेसबिटेरियन स्त्रियांनी यावर साधा उपाय शोधला. १९१० पासून तेथे रोजचा भात रांधताना एक मूठ तांदूळ चर्चसाठी बाजूला काढण्याची प्रथा आहे. त्या मुठीमुठीतून जमा झालेल्या धान्यावर तेथील सेवाकार्याचा मोठा भार उचलला गेला. आपल्या घरांतही सुगीच्या वेळी चर्चसाठी धान्य काढून ठेवतात. फरक इतकाच, की तेथे ते रोज काढले जाते.

१९७० नंतर

१९०४ मध्ये भारतातील अनेक प्रेसबिटेरियन मंडळ्या एकत्र आल्या. १९२४ मध्ये काँग्रिगेशनल मंडळ्यांसह युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया बनले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे ते अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि मेथडिस्टांच्या एका शाखेसह चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाले. ज्यांच्या पूर्वजांनी बिशप नाकारले, त्यांनी येथे बिशपपद मान्य केले. त्या बदल्यात वडीलजनांची परंपरा घटनेत शिरली. आज सी.एन.आय.च्या मंडळीत निवडून आलेली पाळकीय समिती असते, धर्मप्रांताच्या परिषदेत आणि सिनडमध्ये प्रापंचिकांना मत असते आणि पाळकाला ‘प्रेसबिटर’ म्हणतात. निवडणूक आली की गटबाजी आणि मालमत्तेचे खटलेही येतात. सामुदायिक नेतृत्वाची ही किंमत त्या मंडळींना चांगलीच ठाऊक आहे.

आपल्याकडील तुलना वाचकांच्या मनात येईलच. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार धर्मग्रामात आर्थिक समिती असणे बंधनकारक आहे (कलम ५३७). पाळकीय परिषद महागुरुस्वामींना उचित वाटल्यास स्थापन होते आणि तिचे मत सल्ल्यापुरते असते (कलम ५३६). याचे कारण ईश्वरविज्ञानातले आहे. प्रेषितांपासून चालत आलेला अधिकार दीक्षेने मिळतो, मतमोजणीने नव्हे, अशी आपली शिकवण आहे. तथापि २०२१ ते २०२४ या काळातील सिनडने सहभागी परिषदा कागदावर न राहता प्रत्यक्षात चालाव्यात, असा आग्रह धरला. ज्या धर्मग्रामांत परिषदेची बैठक वर्षानुवर्षे सणाच्या मंडपापुरतीच भरते, तेथे वडीलजनांच्या घरभेटींचा प्रेसबिटेरियन अनुभव अभ्यासण्याजोगा आहे.

मिश्र विवाहाविषयी

सी.एन.आय. किंवा अन्य प्रेसबिटेरियन परंपरेतील व्यक्तीशी विवाह ठरल्यास कॅथलिक पक्षाने प्रथम आपल्या धर्मगुरूंना भेटावे. अशा विवाहास धर्माधिकाऱ्यांची परवानगी लागते (कलम ११२४). विवाहविधी दुसऱ्या पक्षाच्या चर्चमध्ये व्हायचा असल्यास कॅथलिक विधीपासून वेगळी सूट आधीच घ्यावी लागते (कलम ११२७). मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढविण्यासाठी शक्य ते सर्व करीन, असे वचन कॅथलिक पक्ष देतो आणि त्याची कल्पना दुसऱ्या पक्षाला दिली जाते. दुसऱ्या पक्षाने आपल्या मंडळीच्या नोंदवहीतील बाप्तिस्म्याचा दाखला आणावा. तो बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला असेल, तर कॅथलिक ख्रिस्तसभा तो वैध मानते. त्या व्यक्तीने पुढे कॅथलिक होण्याचे ठरविले, तरी तिला पुन्हा स्नानसंस्कार दिला जात नाही.