गैरहजर सभासदाचा शिलिंग

ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या अनेक गोल्फ क्लबांच्या वार्षिक बिलात वर्गणीच्या खाली आणखी एक रक्कम असते : बार लेव्ही. क्लब ती वर्षाच्या सुरुवातीलाच घेतो आणि सभासदाच्या कार्डावर जमा करतो. वर्षभरात बारमध्ये बिअर, व्हिस्की, कॉफी, सँडविच असं जे घेतलं जाईल ते त्यातून वजा होतं. उरलेली शिल्लक काही क्लब पुढच्या वर्षी ओढतात, काही क्लबांत वर्ष संपलं की ती बुडते. अमेरिकेतल्या कंट्री क्लबांत हाच नियम दरमहा किंवा दर तिमाहीच्या किमान खर्चाच्या रूपात दिसतो. तेवढ्याचं खाल्लं-प्यायलं नाही, तरी तेवढं बिल येतंच. आपल्याकडच्या मोठ्या क्लबांतही किमान वापर शुल्काची पद्धत अनेकांच्या ओळखीची आहे.

यावरून क्लबांच्या सर्वसाधारण सभा तापतात. बार नसेल तर क्लब कसला, असं एका बाजूचं म्हणणं असतं. मी खेळायला पैसे भरले, प्यायला नाही, असं दुसरी बाजू सांगते. दोघांनाही वाटतं की ही खजिनदाराची हल्लीची युक्ती आहे. पण या सक्तीचं मूळ गोल्फच्या पहिल्या लिखित नियमांच्या आसपासच सापडतं. तिथवर मागे गेलं, की आजच्या वादात नेमकं काय तोलायचं ते स्पष्ट होतं.

एडिंबराजवळच्या लीथमध्ये 1744 साली गोल्फ खेळणाऱ्या मंडळींनी नगरपालिकेकडून चांदीची एक काठी बक्षीस म्हणून मिळवली आणि स्पर्धेसाठी तेरा नियम लिहून काढले. ती स्पर्धा जॉन रॅट्रे या शल्यवैद्याने जिंकली. हीच मंडळी पुढे ऑनरेबल कंपनी ऑफ एडिंबरा गोल्फर्स म्हणून ओळखली गेली. दहा वर्षांनी, 1754 मध्ये, सेंट अँड्र्यूज इथे बावीस सरदार आणि प्रतिष्ठितांनी तशीच चांदीची काठी ठेवून आपली मंडळी उभी केली. आजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबचं हे मूळ.

या मंडळींकडे स्वतःचं मैदान नव्हतं. लीथ काय, सेंट अँड्र्यूज काय, खेळ चाले तो समुद्रकाठच्या रेताड, गवताळ जमिनीवर. ती जमीन गावाची होती. तिथे मेंढ्या चरत, धुणी वाळत, लोक फिरायला येत. गवत मेंढ्या आणि ससे खुडत, त्यामुळे ते कापायला माणूस ठेवावा लागत नव्हता. मैदानासाठी कुणी वर्गणी मागत नव्हतं. मग क्लब म्हणून एकत्र यायची गरज काय होती? बक्षिसासाठी, नियमांसाठी आणि मुख्य म्हणजे खेळानंतरच्या जेवणासाठी. लीथची मंडळी लकी क्लेफन या बाईंच्या टॅव्हर्नमध्ये जमत, सेंट अँड्र्यूजची बेली ग्लास यांच्याकडे. जेवणाबरोबर फ्रान्सहून आलेली क्लॅरेट ही लाल वाइन असे. लंडनजवळच्या ब्लॅकहीथमध्ये खेळाडूंच्या पैजाही क्लॅरेटच्या गॅलनांत लागत आणि पैजांच्या वहीत तशाच नोंदल्या जात.

सेंट अँड्र्यूजच्या मंडळींनी 1766 साली एक ठराव केला. सह्या करणाऱ्यांनी दर पंधरवड्याला सकाळी अकराला जमायचं, मैदानाची एक फेरी खेळायची, मग बेली ग्लासकडे एकत्र जेवायचं आणि जेवणाचा प्रत्येकी एक शिलिंग द्यायचा. जो आला त्याने द्यायचा आणि जो आला नाही त्यानेही द्यायचा.

खाणावळीत जेवलेल्या मराठी माणसाला यातली मेख लगेच कळेल. आपल्याकडे गैरहजेरीचा खाडा धरतात आणि तेवढे पैसे वळते करतात. सेंट अँड्र्यूजमध्ये खाडा नव्हता. पान मांडलं की त्याचे पैसे द्यायचे, मग त्यावर बसा किंवा न बसा. बार लेव्हीचा हा मला माहीत असलेला सर्वांत जुना पूर्वज.

या ठरावातल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, तो सही करणाऱ्यांनी स्वतःवर घातलेला नियम होता, वरून कुणी लादलेला नव्हता. दुसरी, पैसे जेवणाचे होते. क्लॅरेट पिणारा आणि न पिणारा दोघेही जेवतात. तिसरी, शिलिंगामागचा हेतू माणसं आणण्याचा होता. नाहीतरी पैसे जाणारच, तर जाऊन बसू या, असं वाटायला लावणारा तो नियम होता. त्यातून कुणाची तूट भरून निघत नव्हती.

तूट आली ती घर बांधल्यावर. लीथच्या मंडळींनी टॅव्हर्न सोडून स्वतःचं गोल्फ हाऊस बांधायला घेतलं आणि 1768 मध्ये त्याची कोनशिला बसली. गोल्फसाठी बांधलेल्या पहिल्या क्लबहाऊसांत त्याची गणना होते. टॅव्हर्नमध्ये जेवढं मागवलं तेवढ्याचे पैसे द्यावे लागत. स्वतःचं घर झाल्यावर कौलं, कोळसा, नोकर, तळघरातला साठा हे सगळं रोजचं झालं, मग कुणी येवो न येवो. पुढे ही ऑनरेबल कंपनी पैशाच्या अडचणीत आली आणि ते घर हातचं गेलं. 1836 मध्ये मंडळी मसलबर्गला गेली आणि 1891 मध्ये म्युरफील्डला. क्लबहाऊस चालवणं हा खेळाहून वेगळा आणि महाग उद्योग आहे, हा धडा एवढा जुना आहे.

एकोणिसाव्या शतकात खेळाचं अर्थकारण बदललं. कातड्यात पिसं ठासून शिवलेला चेंडू महाग असे, कारण कारागिराला दिवसाला मोजकेच चेंडू जमत. 1848 च्या सुमारास गटापर्चा या झाडाच्या चिकाचा चेंडू आला आणि खेळ स्वस्त झाला. रेल्वेने माणसं आणली आणि क्लब वाढले. आता समुद्रकाठच्या गावच्या जमिनी पुरेनात. क्लबांनी आतल्या भागात शेतजमिनी विकत किंवा भाड्याने घेतल्या. तिथली माती जड, गवत दाट, त्यामुळे कापणी, निचरा, मशागत सगळं करावं लागे. क्लबवर आता मैदान आणि घर असे दोन संसार आले. वर्गणी फार वाढवली तर सभासद तुटतील, म्हणून बारचा नफा हिरवळीच्या मदतीला येऊ लागला. जो जास्त पितो तो नकळत मैदानही सांभाळतो, अशी ही व्यवस्था होती.

बारवर क्लबचा किती भार असतो याचं एक उदाहरण कोलकात्याचं आहे. तिथला गोल्फ क्लब 1829 चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. त्याच शहरात 1873 मध्ये कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला, तो रग्बीचा. तिथे सभासदांना पेय फुकट मिळे. ही सोय बंद झाली आणि सभासद लक्षणीय गळाले. शिवाय पोलो आणि टेनिसने माणसं ओढली. शेवटी क्लब बंद करताना बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले, त्यांचा करंडक घडवला आणि 1878 मध्ये तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता कपासाठी खेळतात.

दरम्यान न्यायालयांनी या बारला एक वेगळंच स्वरूप दिलं. 1882 च्या ग्राफ विरुद्ध इव्हान्स या इंग्लिश खटल्यात असं ठरलं की, सभासदांच्या क्लबने सभासदाला दारू दिली तर ती विक्री नव्हे, कारण तो साठा मुळात सगळ्या सभासदांच्या सामाईक मालकीचा असतो. 1913 मध्ये कार्लाइल अँड सिलॉथ या गोल्फ क्लबच्या खटल्यात दुसरी बाजू स्पष्ट झाली : बाहेरच्या पाहुण्यांकडून घेतलेली मैदानाची फी हा धंदा आहे आणि त्यावर कर लागतो. सभासदांचा आपसातला पैसा मात्र नफा नव्हे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये कलकत्ता क्लबच्या प्रकरणात याच परस्परतेच्या तत्त्वाचा आधार घेतला. पुढे जीएसटी कायद्यात 2021 च्या दुरुस्तीने क्लब आणि सभासद या दोन वेगळ्या व्यक्ती मानल्या गेल्या. करापुरतं काहीही ठरो, या तत्त्वातला नैतिक अर्थ मला मोलाचा वाटतो. बार सगळ्यांचा आहे, थेंबभरही न पिणाऱ्याचासुद्धा. म्हणून त्याच्या खर्चाचा विचार त्यानेही करायला हवा आणि त्याच्या धोरणात त्याचाही शब्द मोजला गेला पाहिजे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बारचा नफा आटू लागला. ब्रिटनमध्ये 1967 च्या रस्ता सुरक्षा कायद्याने वाहनचालकाच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 100 मिलिलीटरला 80 मिलिग्रॅम ठरवली. बहुतेक गोल्फ क्लब गावाबाहेर, तिथे जायचं ते गाडीनेच. सुपरमार्केटमधली बिअर स्वस्त झाली. स्कॉटलंडने 5 डिसेंबर 2014 पासून ती मर्यादा 50 मिलिग्रॅमवर आणली, तेव्हा बारची विक्री घटल्याची तक्रार तिथल्या क्लबांनी जाहीरपणे केली. या कायद्यांनी जीव वाचतात, ते योग्यच आहेत. पण बारच्या फायद्यावर मैदान जगवण्याची जुनी व्यवस्था त्यामुळे मोडली. मग सक्तीची लेव्ही क्लबांना जवळची वाटू लागली. 1766 चा शिलिंग परत आला, मात्र त्याचं काम बदललं होतं. आधी तो माणसांना पंगतीला आणत होता, आता तो ताळेबंद सावरू लागला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सक्ती ही गोष्टच वाईट, असं मला वाटत नाही. एकत्र राहायचं तर काही खर्च वापर न करताही उचलावा लागतो. हाऊसिंग सोसायटीत तळमजल्यावरचा माणूसही लिफ्टचे पैसे देतो. पहाटे खेळून थेट कामावर जाणाऱ्यालाही पावसात आसरा, कपडे बदलायला जागा, स्पर्धेनंतर चहाची व्यवस्था हवी असते. त्यासाठी कुणीतरी सकाळपासून काउंटरमागे उभं असतं आणि त्या माणसाचा पगार निघायला हवा. पण ही सक्ती दारूच्या नावाने असू नये. धर्माने, प्रकृतीमुळे किंवा व्यसनातून मोठ्या कष्टाने बाहेर पडल्यामुळे जो पीत नाही, त्याला आपण पाहुणे आहोत असं क्लबने वाटू देणं चुकीचं आहे. महाराष्ट्रात तर 1949 चा दारूबंदी कायदा आजही आहे. परवान्याशिवाय पिता येत नाही, आणि बिअरसाठी 21 व कडक मद्यासाठी 25 वर्षांची अट आहे. इथल्या क्लबात किमान खर्चाचा नियम ठेवायचाच, तर तो खाण्यावरही फिटला पाहिजे.

खरी परीक्षा शिल्लक रकमेची आहे. वर्षाअखेरी बुडालेल्या लेव्हीवर क्लबचं अंदाजपत्रक उभं असेल, तर ती वर्गणीच आहे, फक्त दुसऱ्या नावाने घेतलेली. अशा क्लबने धीर करून वर्गणी वाढवावी. ब्रिटनमध्ये तर त्यात क्लबचंच हित आहे. ना-नफा क्लबाची खेळाची वर्गणी 1994 पासून व्हॅटमुक्त आहे, आणि बारमध्ये खर्च झालेल्या 120 पाउंडांतले 20 पाउंड व्हॅटपोटी सरकारकडे जातात. तेवढीच रक्कम वर्गणीत घेतली तर सगळी क्लबकडे राहते. लेव्हीचा हेतू सभासदांना एकत्र बसवण्याचा असेल, तर ती माफक असावी, तिच्यातून जेवण-चहा-कॉफी सगळं घेता यावं, घरच्यांना आणि पाहुण्यांना खाऊ घालता यावं आणि शिल्लक पुढच्या वर्षी ओढली जावी.

आणि ती सभासदांनी स्वतः मतदान करून स्वीकारलेली असावी, दर काही वर्षांनी पुन्हा विचारून. समितीने बिलात परस्पर ओळ घालणं वेगळं आणि माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द वेगळा. पैसे तेवढेच जातात, पण शब्द दिलेला सभासद खेळ संपल्यावर थांबतो, नवख्याला आपल्या टेबलावर बोलावतो, आणि क्लब त्याच्यामुळेच टिकतो.