मणिकर्णिकेचे दुसरे नाव : काशीतील मराठी नामकरणाविषयी

काशीच्या घाटांच्या ओळीत पंचगंगेच्या उत्तरेस दुर्गाघाट आणि त्याला लागून ब्रह्माघाट येतो. हे दोन्ही घाट अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकर यांनी बांधवून घेतले. घाटामागच्या अरुंद गल्ल्यांतून दक्षिणी मंडळींची जी वस्ती वाढली, तिच्या खुणा अद्याप पुसल्या गेलेल्या नाहीत. आंग्रे वाडा व तेथील गणेशोत्सव, दत्तमंदिर, कोकणीभाषक गौड सारस्वतांचा काशीमठ ही ठिकाणे ब्रह्माघाटच्या परिसरातीलच. जवळच्या पंचगंगेवर बिंदुमाधवाचे आजचे देवालय आहे, ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारले. काशीतील मराठी समाजाचा इतिहास प्रायः त्याच्या विद्वत्तेच्या अंगाने लिहिला गेला आहे. नारायणभट्टांपासून गागाभट्टांपर्यंतची परंपरा, निबंधग्रंथ, संस्कृत पाठशाळा, पुढे बाबूराव विष्णू पराडकरांसारख्यांची हिंदी पत्रकारिता, असा त्याचा रूढ क्रम. प्रस्तुत निबंधाचा विषय त्या मानाने घरगुती आहे. तीर्थक्षेत्रात वसलेल्या घरांनी आपल्या अपत्यांना जी नावे दिली, त्यांच्या अर्थाचे पुढे काय झाले, एवढाच तो प्रश्न. मात्र त्याचे उत्तर शोधताना मराठी स्त्रीच्या आत्मवृत्तापर्यंत आणि आफ्रिकेतील कादंबरीपर्यंत जावे लागते.

काशीने मराठी घरांना नावांचा एक संचच दिला. विश्वनाथ, काशीनाथ, बिंदुमाधव, अन्नपूर्णा, गंगा, भागीरथी, काशी आणि मणिकर्णिका. यांतील बहुतेक नावे दख्खनेत राहणाऱ्यांनाही प्रिय होती. यात्रेला जाणे न घडलेल्या घरातही एखादी काशी किंवा भागीरथी असेच. अशा नावामागील धारणा भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाच्या कथेत स्पष्ट दिसते. मरणसमयी मुलाला हाक मारली आणि अनायासे नारायणाचे नाव मुखी आले, ही ती कथा. मुलाचे नाव देवाचे वा तीर्थाचे ठेवले की दिवसभराची हाकच नामस्मरण होते. घरात पाणी मागताना, रागावताना, जेवायला बोलावताना तीर्थाचा उच्चार घडावा, असा हा व्यवहारी हिशेब आहे.

‘मणिकर्णिका’ हे नाव या दृष्टीने विशेष बोलके आहे. कानातील रत्नखचित भूषण हा शब्दाचा अर्थ, ते भूषण जेथे गळून पडले ते कुंड हा स्थलपुराणाचा अर्थ, आणि जेथे चिता विझत नाही तो घाट हा लौकिक अर्थ. आजच्या वाचकाला तिसरा अर्थ प्रथम आठवतो व नवजात मुलीला असे नाव कसे ठेवले असेल याचे नवल वाटते. एकोणिसाव्या शतकातील आईबापांना ते वाटले नसावे, कारण त्यांच्या लेखी मणिकर्णिका ही मोक्षदायिनी देवता होती आणि तिच्या नावात मरणाचे भय उरले नव्हते. चिमाजी अप्पांच्या आश्रयास काशीत राहिलेल्या मोरोपंत तांबे यांनी आपल्या मुलीचे हेच नाव ठेवले. घरात ती मनू झाली.

या घरगुती निवडीच्या शेजारीच शास्त्राचे लेखन चालू होते, हे काशीचे वैशिष्ट्य. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ मधला. नामकरणाचा दिवस कोणता, नावे किती प्रकारची, याची चर्चा या निबंधग्रंथांत सविस्तर येते. देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम असे चार प्रकार परंपरेने मानले. त्यांपैकी मासनाम महिन्यावरून आपोआप ठरते, नक्षत्रनामाचे अक्षर जन्मवेळ ठरविते, आणि आईबापांच्या आवडीला वाव उरतो तो शेवटच्या प्रकारात. प्रत्यक्षात हाकेचे नाव या चारांच्याही बाहेर जाई. ज्यांच्या हस्ते १६७४ साली शिवराज्याभिषेक झाला त्या गागाभट्टांचे नाव विश्वेश्वर. ‘गागा’ हे वडिलांचे लाडके संबोधन. काशीच्या संस्कृत महाविद्यालयातील प्रसिद्ध गणिती बापूदेव शास्त्री यांचे नाव नृसिंह. दोघांच्याही बाबतीत इतिहासाने घरातली हाक उचलली.

मुलींच्या बाबतीत शास्त्र आणि व्यवहार यांचे नाते अधिक गुंतागुंतीचे आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीचे नाव सुखाने उच्चारता येणारे, स्पष्टार्थ, मंगल आणि दीर्घस्वरान्त असावे असे सांगितले आहे. तिसऱ्या अध्यायात मात्र नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत इत्यादींची नावे असलेली कन्या विवाहास वर्ज्य ठरविली आहे. आपस्तंब गृह्यसूत्रातही हाच निषेध आहे. हा नियम कोणी मनावर घेतल्याचे मराठी घरांकडे पाहून वाटत नाही. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, तापी, भागीरथी यांनी ब्राह्मणांची घरे भरलेली होती. निषेधाचे वचन पाठ असणाऱ्यांनीही आपल्या मुलींना नद्यांची नावे दिली असतील, तर त्यात विसंगती शोधण्यापेक्षा त्या नावाचे आयुष्य किती धरले होते हे पाहिले पाहिजे. मुलीचे नाव लग्नापर्यंतचेच होते.

काही परिचित उदाहरणे पुरेशी आहेत. १८७१ मध्ये बाळ गंगाधर टिळकांशी लग्न झालेली तापी सत्यभामा झाली. १८७३ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आलेली यमुना रमा झाली. पुढच्याच वर्षी गोपाळराव जोश्यांशी विवाह झालेली दुसरी एक यमुना आनंदी झाली आणि १८८६ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली ती त्याच नावाने. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करणारी विधवा गोदू हीदेखील आनंदी झाली. चार नद्या चार लग्नांत नाहीशा झाल्या. हे निषेधाच्या वचनामुळेच घडले असे म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण नदीचे नाव नसलेल्या मुलींचीही नावे बदलत. सुधारकांची घरेही याला अपवाद नव्हती, हे अधिक लक्षणीय.

या बदलाचा विधी पाहण्याजोगा आहे. बारशाला ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने बाळाचे नाव लिहितात आणि आत्या ते कानात सांगते. सून घरात आल्यावर लक्ष्मीपूजनाच्या वेळी पुन्हा ताट, पुन्हा तांदूळ, पुन्हा अंगठी. लिहिणारा हात मात्र नवऱ्याचा. पेढे वा साखर वाटून नवे नाव जाहीर होते. दोन्ही प्रसंगांची सामग्री एकच असल्यामुळे दुसरे बारसे पहिल्यावर रेघ ओढते. मुलाच्या वाट्याला हे दुसरे ताट येत नाही.

मोरोपंतांच्या मनूचे असेच झाले. १८४२ मध्ये झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांशी तिचा विवाह झाला आणि मणिकर्णिकेची लक्ष्मी झाली. वास्तविक गंगा शिरावर धरणाऱ्या शिवाच्या नावाचा नवरा आणि काशीच्या तीर्थाच्या नावाची वधू, ही जोडी जुळलेलीच होती. पण नवे नाव सासरचे हवे, आणि महालक्ष्मी हे नेवाळकरांचे कुलदैवत. याला समांतर दुसरे उदाहरण मराठी साहित्यातच आहे. नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या घरी १८६८ मध्ये जन्मलेल्या मुलीचे नावही मनकर्णिका, घरात मनूच. १८८० मध्ये नारायण वामन टिळकांशी तिचे लग्न झाले आणि तीही लक्ष्मी झाली. येथे नारायणाला जुळणारी म्हणून. गंगेवरील कुंडाचे नाव गोदेच्या परिसरात पोहोचले आणि दोन्ही ठिकाणी त्याचा शेवट एकाच नावात झाला. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली ती लक्ष्मीबाई टिळकांची म्हणून. त्यांतले बालपण मात्र मनूचे आहे. मराठी स्त्रियांच्या आत्मवृत्तांचा विचार करताना ही फट सहसा ध्यानात घेतली जात नाही. पुरुषाच्या आत्मचरित्रात सांगणारा आणि ज्याचे बालपण सांगितले जाते तो, या दोघांचे नाव एक असते. या स्त्रियांना पहिल्या प्रकरणातच दुसऱ्या कोणाच्या तरी नावाची गोष्ट सांगावी लागते.

येथे आफ्रिकेतील नामकरणाशी तुलना उपयोगी पडते. तेथील नावे ‘अर्थपूर्ण’ म्हणून आज जगभर निवडली जातात, पण त्यांचा अर्थ कोशातून काढलेला नसतो. घानातील अकान समाजात जन्मवार नाव ठरवितो: शनिवारचा मुलगा क्वामे, शुक्रवारचा कोफी. आपल्या नक्षत्रनामासारखाच हा काळाने दिलेला भाग. फरक असा की तेथे तो रोजच्या हाकेत राहिला आणि आपल्याकडे पत्रिकेत पडून राहिला. नायजेरियातील योरुबा लोकांत जुळ्यांची ताईवो व केहिंदे ही नावे स्वर्गातूनच आणलेली मानतात, आणि आजोबा गेल्यानंतर जन्मलेल्या मुलाला ‘बाप परत आला’ अशा अर्थाचे बाबातुंदे हे नाव मिळते. मुले जगत नसलेल्या घरातली नावे तर थेट मृत्यूशी बोलतात. चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) या कादंबरीत एक्वेफी आपल्या मुलांची नावे ठेवते त्यांत एक मृत्यूची विनवणी आहे, दुसरे असे पुन्हा न घडो अशी याचना, आणि तिसऱ्यात ती मृत्यूला खुशाल वाटेल ते कर म्हणते. ही तीन नावे क्रमाने वाचली तरी एका आईचा इतिहास समजतो.

मराठी वाचकाला यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. दगडू, धोंडू, केरू, भिकू, उकिर्डा ही नावे मृत्यूने हे मूल टाकाऊ समजून पुढे जावे म्हणूनच ठेवली जात. धोंडो हे नाव अधिक मासातील जन्मावरूनही येते, हे जाता जाता नोंदवावे. या नावांत कुरूपतेआडून माया बोलते. याच वर्गात ‘नकुसा’ घालण्याचा मोह होतो, आणि तो टाळला पाहिजे. धोंडू म्हणणारी आई मूल राहावे म्हणून बोलते. नकुसा म्हणणारे घर पुढची मुलगी होऊ नये म्हणून बोलते. जी समोर पाळण्यात आहे तिच्याशी ते बोलतच नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींचा नाव बदलण्याचा समारंभ झाला. दुसरे बारसे मुलीच्या हिताचे ठरले, याचे हे एक दुर्मीळ उदाहरण म्हणता येईल.

आफ्रिकेतून मराठी मुलखात प्रत्यक्ष आलेल्या माणसांच्या नावांची कथा निराळीच आहे. ब्रह्माघाटावर ज्यांच्या नावाचा वाडा आहे त्या आंग्र्यांचे कोकण किनाऱ्यावरचे जुने वैरी म्हणजे जंजिऱ्याचे सिद्दी. त्यांच्यातील नावे पाहावीत: याकूत म्हणजे माणिक, संबूल म्हणजे सुगंधी वनस्पती, अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारे सुगंधी द्रव्य. ही नावे कानाला गोड आहेत आणि अर्थही मौल्यवान आहेत. पण रत्ने आणि अत्तरे यांची नावे गुलामांना देण्याची रीत होती, हे कळल्यावर तो गोडवा उतरतो. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) हा इथिओपियात जन्मला तेव्हा त्याचे नाव चापू होते. अंबर हे नाव त्याला धन्याने दिले. मणिकर्णिका आणि याकूत ही दोन्ही नावे शब्दार्थाने रत्नाचीच, पण एक आईबापांनी दिले आणि दुसरे विकत घेणाऱ्याने. ‘अर्थपूर्ण नाव’ या कल्पनेत देणाऱ्याचा अधिकार हिशेबात धरला नाही, तर या दोहोंत भेद करता येणार नाही. मराठी वधूचे दुसरे नाव या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी पडते. ते मानाने, साखर वाटून दिले जाते. पण तिला विचारून नव्हे.

गंगाधररावांच्या घरात आणखी एक दुसरे नाव दिले गेले. १८५१ मध्ये जन्मलेला मुलगा दामोदर काही महिन्यांतच गेला. २० नोव्हेंबर १८५३ रोजी, म्हणजे स्वतःच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी, गंगाधररावांनी नात्यातील आनंदराव या मुलाला दत्तक घेतले आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. मेलेल्या मुलाचे नाव दत्तकाला देणे ही योरुबांच्या बाबातुंदेजवळ जाणारी कल्पना आहे, पण येथे तिला गादीच्या वारशाचा भार होता. कंपनी सरकारने तो वारसा मानला नाही आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली. पुढे राणी लढली ती या दुसऱ्या दामोदराच्या हक्कासाठीही.

नाव बदलण्याला सर्वांनीच मान तुकवली असे नाही. केनियाचे कादंबरीकार न्गुगी यांची ‘अ ग्रेन ऑफ व्हीट’ (१९६७) ही कादंबरी जेम्स न्गुगी या नावाने प्रसिद्ध झाली होती. पुढे त्यांनी ख्रिस्ती नाव टाकले आणि ‘थियोंगोचा मुलगा’ या अर्थाने न्गुगी वा थियोंगो हे नाव धारण केले. त्यांच्या दृष्टीने जेम्स ही वसाहतीची खूण होती. या पार्श्वभूमीवर टिळक दांपत्याची गोष्ट उलटी दिसते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे लक्ष्मीबाईंनीही घेतला. दोघांनीही आपापली हिंदू नावे सोडली नाहीत. धर्म बदलला तरी टिळकांचे ‘नारायण’ राहिले आणि लक्ष्मीबाईंचे ‘लक्ष्मी’ राहिले. मात्र मनकर्णिका हे नाव त्याच्या पंधरा वर्षे आधीच, एका साध्या हिंदू लग्नात, गेलेले होते.

ब्रह्माघाटाहून नावेने वरच्या अंगाला जाऊ लागले की मणिकर्णिका घाट मागे पडतो आणि बऱ्याच वेळाने अस्सी येते. तेथून जवळ भदैनी येथे राणीच्या जन्मस्थानाचे स्मारक आहे. घोड्यावर स्वार झालेल्या त्या मूर्तीला सारे काशीकर लक्ष्मीबाई म्हणूनच ओळखतात.