कोसंबीचे भांडण आणि पारिलेय्यकाचे रान



माझी उमेदीची वर्षे गिरणीच्या साचेखात्यात गेली. पाळीभर साच्यांचा खडखडाट आणि घरी दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं. एकांत म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. म्हणून भगवान बुद्ध एकदा भिक्खूसंघ सोडून एकटेच रानात राहिले, हे विनयपिटकाच्या महावग्गात वाचलं तेव्हा नवल वाटलं. एवढ्या मोठ्या शास्त्याला माणसांपासून दूर का जावंसं वाटावं?

कारण अगदी क्षुल्लक होतं. वत्स देशाची राजधानी कोसंबी, आजच्या प्रयागराजजवळ. तिथल्या घोसितारामात एका भिक्खूने शौचालयातल्या भांड्यात पाणी तसंच शिल्लक ठेवलं, असं अट्ठकथा सांगते. हा दोष की नाही, यावरून विनय जाणणारे आणि धम्म सांगणारे असे दोन तट पडले. प्रकरण हातघाईवर आलं. भगवंतांनी समजावलं, बापाच्या खुनाचं वैर सोडून देणाऱ्या दीघावु राजकुमाराची गोष्ट सांगितली. भिक्खू काय म्हणाले? भगवंतांनी निवांत राहावं, भांडणाचं आमचं आम्ही बघू! आपल्या कमिट्यांच्या सभा ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे खोटं वाटणार नाही.

भगवंतांनी पात्र-चीवर घेतलं आणि कुणालाही सोबत न घेता निघाले. वाटेत एका वनात अनुरुद्ध, नंदिय आणि किम्बिल हे तिघे राहत होते. भिक्षेहून जो आधी येई तो आसनं मांडी, पाणी ठेवी. जो मागून येई तो आवराआवर, झाडलोट करी. पाण्याचा घडा एकट्याला उचलेना, तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवायचं, तोंडातून शब्द नाही. पाचव्या रात्री मात्र रात्रभर धम्मचर्चा.

तिथून पारिलेय्यकाला. रक्खित वनात भद्दसाल वृक्षाखाली भगवंत राहिले. परंपरा हा दहावा वर्षावास मानते. तिथे एक हत्ती आला. कळपात त्याला शेंडे खुडलेलं गवत खावं लागे, गढूळ पाणी प्यावं लागे, नदीतून वर येताना हत्तिणी अंगाला घासत. म्हणून तोही एकटा निघालेला. चाळीतल्या नळावर ज्यांनी हंडे भरलेत त्यांना हत्तीचं दुःख समजावून सांगायला नको. तो सोंडेने पाणी आणी, जागा साफ करी. भांडखोरांपासून दूर आता सुखात आहोत, असं भगवंतांच्या मनात आलं, आणि ग्रंथाने ते लपवलेलं नाही. हत्तीची गोष्ट कुणी मानो न मानो. पण संघाने शास्त्याचंच ऐकलं नाही, ही गोष्ट कुणी भाविक मनाने रचणार नाही.

भांडण मिटवलं ते उपासकांनी. यांच्यामुळे भगवंत गेले म्हणून कोसंबीकरांनी भिक्खूंना वंदन बंद केलं, भिक्षाही बंद केली. तेव्हा भिक्खू सावत्थीला धावले. भगवंत तोवर रान सोडून तिथे, माणसांत, आले होते. दोषी ठरवलेल्याने दोष कबूल केला आणि संघ एक झाला.

पण कोसंबीची खोड जुनी असावी. दोनशेहून अधिक वर्षांनी सम्राट अशोकाने तिथल्या महामात्रांना उद्देशून आज्ञा कोरली: संघ फोडील त्या भिक्खूला वा भिक्खुणीला पांढरी वस्त्रं नेसवून बाहेर ठेवावं. तो स्तंभ प्रयागराजच्या किल्ल्यात आहे. अलाहाबाद विद्यापीठाच्या जी. आर. शर्मांनी कोसंबीला उत्खनन केलं, तेव्हा घोसितारामाचं नाव कोरलेला लेखही सापडला.

आता घरचं सांगतो. एका विहाराच्या कमिटीत मीही एका तटात होतो. वाद पाण्याच्या टाकीच्या चावीचा. वंदना दोनदा होऊ लागली. वैतागून मी कान्हेरीला गेलो, एका लेण्यातल्या दगडी ओट्यावर दिवसभर एकटा बसलो. फार शांत वाटलं. संध्याकाळी डोंगर उतरताना डोक्यात पुन्हा तीच चावी! पुढे वस्तीतल्या बायाच म्हणाल्या, तुमची एकही वंदना नको, आम्ही घरीच म्हणू. आषाढी पौर्णिमेला विहारात आमचे चौघे आणि त्यांचे पाच, एवढेच. दुसऱ्या दिवशी चावी दाराजवळच्या खिळ्याला टांगली.