बारव, नारू आणि हातपंप

नगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास असलेला कर्जत तालुका दोन नद्यांच्या मध्ये वसला आहे. पूर्वेकडून सीना वाहते, नैर्ऋत्येकडून भीमा. आणि तरीही या दोन पाण्यांमधला मुलूख पिढ्यानपिढ्या तहानलेला राहिला. सह्याद्रीवरून निघालेले मेघ येथवर पोहोचेपर्यंत बहुधा रिते झालेले असतात. भूमी मुरमाड, तिच्याखाली काळा कातळ, आणि त्या कातळाच्या फटींत जेवढे साठेल तेवढेच पाणी विहिरीला लागावयाचे. दख्खनच्या या भागाच्या इतिहासात १८७६-७८, १८९६-९७, १८९९-१९०० आणि १९७२ ही साले दुष्काळाची म्हणून ठळक अक्षरांनी येतात. पाणी किती मिळाले याचा हिशेब अनेकांनी मांडला आहे. मिळालेले पाणी कसे होते, ते पिऊन माणसाचे काय झाले, आणि ते सुधारले कोणाच्या हातांनी, हा प्रश्न मात्र मागे पडला आहे. त्याचाच येथे विचार करावयाचा आहे.

राजधानीच्या शहरांपुरते पाहिले तर हा प्रश्न जुन्या लोकांनी उत्तम रीतीने सोडविला होता. १४९४ साली वसलेल्या अहमदनगर शहरास निजामशाहीच्या काळी कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा आसपासच्या ठिकाणांहून खापरी नळांनी पाणी आणले होते. पुढे मलिक अंबराने खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, नहर बांधली. आणि नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावाचे पाणी पुण्याच्या हौदांत खेळविले. या सर्व कामांत एक तत्त्व समान आहे. उगमापाशी पाणी झाकावयाचे आणि माणसाच्या घागरीत पडेपर्यंत ते उघडे पडू द्यावयाचे नाही. भाजलेल्या मातीच्या नळाचे एक तोंड दुसऱ्यात बसवून सांधा चुन्याने बंद करणारा कारागीर कोण होता, हे कोणत्याही बखरीत सापडत नाही; पण शहराच्या पाण्याची शुद्धता त्याच्या त्या सांध्यावर अवलंबून होती. सांधा फुटला की झाडांची मुळे आत शिरत, गटाराचे पाणी मिसळे, आणि सुंदर हौद रोगाचे घर बने.

खेड्यांच्या वाट्यास असले नळ कधीच आले नाहीत. तेथे आड होते, नदीच्या वाळूत खणलेले झरे होते, आणि बारवा होत्या. बारव ही दख्खनची मोठी देखणी वस्तू. दगडी पायऱ्या उतरत जावे, कोनाड्यातील देवास हात जोडावा आणि वाकून घागर बुडवावी. पुण्यवान माणसाने बारव बांधावी, पांथस्थाने तिचे पाणी प्यावे, अशी रीत होती. परंतु याच पायऱ्यांवरून एक भयंकर व्याधी गावात शिरत असे. तिचे नाव नारू.

नारू हा दोऱ्यासारखा जंत. त्याची मादी हातभर, कधी त्याहूनही लांब वाढते. शरीरात शिरल्यापासून सुमारे एक वर्ष माणसास काही कळत नाही. मग एके दिवशी पायावर फोड येतो, आग आग होते, फोड फुटतो आणि पांढऱ्या सुताचे टोक बाहेर डोकावते. ते काडीवर गुंडाळून दररोज थोडे थोडे ओढून काढावयाचे, एवढाच उपाय. ओढताना तुटले तर पाय सुजून पू धरावयाचा. हे सारे बहुधा उन्हाळ्यात, पाणी तळास गेले असता आणि पेरणीच्या तोंडावर घडे. कुणब्याचा पाय नेमका तेव्हाच अंथरुणास खिळावा, यातील क्रूरता शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यास समजावून सांगावी लागत नाही. मृग बरसून जाई, वाफसा येई, आणि घरातील कर्ता पुरुष ओट्यावर पाय पसरून काडीकडे पाहत बसे.

फोडाची आग शमावी म्हणून रोगी बारवेच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडी. त्याच क्षणी जंताची अतिसूक्ष्म पिल्ले लक्षावधींनी पाण्यात मिसळत. तेथे सायक्लॉप्स नावाचा, डोळ्यांस जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा जीव ती गिळतो. दोन आठवड्यांत त्याच्या पोटात ती पिकतात. आणि घागरीतून तो जीव माणसाच्या पोटात गेला की पुढल्या वर्षीच्या नारूची पेरणी झाली. रशियन संशोधक फेडचेन्को याने १८७० च्या सुमारास या जीवाचा संबंध प्रथम दाखविला. मुंबईस परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या डॉ. तुर्खुड यांनी १९१४ च्या सुमारास माणसांवर प्रयोग करून तो पक्का केला. एका महाराष्ट्रीय संशोधकाच्या या कामाचे विस्मरण व्हावे, ही खेदाची गोष्ट होय.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पाण्याच्या शुद्धाशुद्धतेविषयी आपला समाज उदासीन नव्हता; उलट फार दक्ष होता. पण ती दक्षता कोणाचा स्पर्श झाला याविषयी होती. नारूने पू वाहणारा पाय पायरीवरून पाण्यात जाई, त्याने बारव बाटत नसे. तहानलेल्या महाराची वा मांगाची घागर लागली की मात्र बाटे. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव संमत करून घेतला, आणि १९२७ साली महाडास डॉ. आंबेडकरांना चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. ज्यांना पाणवठा नाकारला गेला त्यांनी खड्ड्या-डबक्यांतील पाणी प्यावे, आणि ज्यांनी तो राखून ठेवला त्यांनी नारू प्यावा, असा हा व्यवहार होता.

नारूवरचा उपाय विद्वानांच्या हाती आला होता आणि तो अवघड नव्हता. पायऱ्या बंद कराव्यात, काठावर कठडा बांधावा, वरून रहाटाने पाणी शेंदावे. निदान दुहेरी कापडातून गाळून प्यावे. गाळून पिण्याची शिकवण आपल्याकडे जुनी आहे. पण घागरीच्या तोंडाचे फडके बहुधा विरलेल्या धोतराचे, आणि त्याच्या छिद्रांतून सायक्लॉप्स सुखाने पार होत असे.

खरा पालट झाला तो १९६० नंतर, कातळास भोके पाडणारी यंत्रे आली तेव्हा. खोल विंधन विहिरीत पायऱ्या नाहीत, पाय बुडविण्यास जागा नाही, ऊन पोहोचत नाही. पाणी वर काढावयाचे ते लोखंडी हातपंपाने. पण नुसता पंप म्हणजे शुद्धता नव्हे. लंडनमध्ये १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाने दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे पटकीने मारली, आणि डॉ. जॉन स्नो यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडाच काढून ठेवावा लागला. त्या पंपात दोष नव्हता. जवळच्या घराचा शौचकूप फुटून त्याचा पाझर विहिरीच्या ढासळलेल्या विटांतून आत जात होता. पाण्याचे दैव पंपावर ठरत नाही; पंपाभोवतीचे काम कोणी व कसे केले यावर ठरते.

आमच्याकडे पहिला अडथळा निराळाच आला. सुरुवातीचे ओतीव लोखंडी पंप हे अमेरिका-युरोपातील एका कुटुंबासाठी बनविलेल्या नमुन्यांच्या नकला होत्या. तेथे दिवसातून वीस बादल्या काढावयाच्या. येथे पहाटेपासून रात्रीपर्यंत सबंध गाव दांड्यास लोंबकळे. पंप मोडत, आणि मोडलेला पंप पाहून बाया निमूटपणे पुन्हा बारवेची वाट धरीत. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा देशात बसविलेल्या हातपंपांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश बंद आढळले.

या अडचणीतून मार्ग निघाला तो कर्जतच्या शेजारीच. जालन्यास स्कॉटिश मिशनच्या आणि नेवासे तालुक्यातील वडाळा येथे अमेरिकन मराठी मिशनच्या विंधन-कामावरील मंडळींनी, तसेच सोलापूरच्या विहीर-दुरुस्तीच्या कारखान्यातील कारागिरांनी, मोडक्या पंपांपुढे बसून विचार केला. ओतीव लोखंडाऐवजी त्यांनी पोलाद घेतले. अनेक खिळींच्या जागी एकच भक्कम आस ठेवला. दांडा आणि आतली सळई यांच्या मध्ये साखळी घातली, त्यामुळे दांडा वरखाली होताना सळई वाकडी ओढली न जाता सरळ रेषेत चाले. दिसावयास किती लहान सुधारणा! सोलापुरी पंपाचा हा नमुना पुढे घेऊन, युनिसेफच्या साहाय्याने आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या कारखान्यात, १९७५ ते १९७७ या काळात ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध झाला. तो पुढे भारतभर पसरला आणि आफ्रिकेतील खेड्यांतही जाऊन पोहोचला.

या पंपात शुद्धतेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट डोळ्यांस दिसत नाही. पंपाचा पाया विंधन विहिरीच्या केसिंग पाइपाभोवती काँक्रीटमध्ये असा रोवला जातो की वरचे सांडपाणी आत उतरूच नये. भोवती चौथरा, चौथऱ्यास उतार, उतारापुढे नाली. चौथऱ्यास चीर गेली, नाली तुंबली, की म्हशींच्या शेणामुताचे डबके पंपाच्या मुळाशी साचते आणि चिरेतून खाली पाझरते. ब्रॉड स्ट्रीट पुन्हा घडावयास एवढे पुरेसे आहे.

म्हणूनच पंपाच्या पाठोपाठ माणूस तयार करावा लागला. गावात साखळीस वंगण घालणारा व सैल बोल्ट आवळणारा एक राखणदार, तालुक्यास पाने-अवजारे घेऊन फिरणारा मिस्त्री, आणि जिल्ह्यास नळ उपसून काढणारी गाडी व तिच्यावरील टोळी, अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था १९७६ नंतर प्रथम तामिळनाडूत आणि मग इतरत्र लावण्यात आली. मार्क दोनचे चामडी वॉशर झिजले तरी शंभर-दीडशे फूट लोखंडी नळ कातळातून वर काढावे लागत. दट्ट्या नळांतूनच वर ओढता येईल असा ‘मार्क तीन’ १९८० नंतरच्या दशकात कोइमतूरच्या परिसरात कसास लावण्यात आला, त्याचे कारण हेच. लोकांच्या तक्रारी असत त्या वेगळ्याच. बोअरचे पाणी जड, त्यात डाळ शिजत नाही, चहा काळा पडतो, घागरीस गंजाची चव येते. या तक्रारी खोट्या नव्हत्या. पण नारूच्या तुलनेत त्या सोसण्याजोग्या होत्या.

नारू-निर्मूलनाची देशव्यापी मोहीम १९८३-८४ मध्ये सुरू झाली, आणि ज्या राज्यांत ती चालली त्यांत महाराष्ट्रही होता. बारवांच्या पायऱ्या बंद करणे, पाण्यात औषध टाकणे, घरोघर गाळणी देणे आणि हातपंप चालू ठेवणे, अशी चहूंकडून चढाई झाली. भारतातील शेवटचा नारूचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात आढळला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. या रोगावर लस कधीच निघाली नाही, तो बरा करणारे औषधही नाही.

२०१९ पासून घरोघर नळ देण्याची योजना चालू झाली आणि पाण्याचा शेवटचा सांधा आता घराच्या उंबऱ्याशी आला आहे. जेथे नळ दिवसाआड येतो तेथे पाणी गेल्यावर नळी रिकामी होते आणि आत ओढ निर्माण होते. गटारातून गेलेल्या नळीचा सांधा सैल असेल तर त्या ओढीने गटाराचे पाणी आत शिरते, व दुसऱ्या दिवशी पहिल्या घागरीत पडते. नळ-मिस्त्रीस बोलावणाऱ्या गृहस्थाने तोटी चकाकते की नाही हे पाहण्यापूर्वी नळी कोठून आणली आहे, सांध्यावर माती चढली आहे की काय, पाणी मागे जाऊ न देणारी झडप बसविली आहे की नाही, आणि गच्चीवरील टाकीचे झाकण घट्ट बसते का, एवढे त्याच्याकडून उघडून पाहून घ्यावे; नळी गटारातून जात असेल तर ती वरून वळवावयास लावावी, मग चार हात नळी अधिक लागली तरी हरकत नाही.