सुकविलेल्या मांसाची कहाणी

मृगाचा पाऊस तोंडावर आला की कोकणातल्या घराघरांतून जी लगबग चालते, ती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. आगोटीची बेगमी म्हणजे काय साधी गोष्ट! कुठे पापड-कुरडया उन्हात पडल्या आहेत, कुठे सांडगे घातले आहेत, आणि वसई-वर्सोव्याच्या बाजूला गेलात तर वलांडीवर जोडीजोडीने बोंबील लटकताहेत. चार महिने समुद्र बंद, वाटा बंद. तेव्हा जे काही पोटाला लागायचे ते उन्हाच्या आणि वाऱ्याच्या ओटीत टाकून आधीच राखून ठेवायचे, हा आपल्या आज्यांचा शिरस्ता. मासळीची ही गोष्ट आपल्याला नवी नाही. परंतु हीच युक्ती माणसाने मोठ्या जनावराच्या मांसावर फार पूर्वीपासून चालविली आहे, आणि त्या युक्तीचा इतिहास पाहू गेले तर तो एकट्या स्वयंपाकघराचा इतिहास राहत नाही. त्यात साम्राज्ये येतात, गुलाम येतात, आणि शेवटी आपले स्वतःचे गावही येते. तीच कहाणी आज तुम्हांला सांगायची आहे.

प्रथम हे पाहू की अडचण काय होती. मेंढी किंवा बोकड कापला तर दोन-चार घरांत तो एका दिवसात संपून जातो. पण बैलासारखे जनावर पडले म्हणजे मण-दोन मण मांस एकदम हाताशी येते. बर्फ नाही, शीतकपाट नाही. दुसऱ्या दिवशी वास सुटतो, तिसऱ्या दिवशी ते फेकण्याच्या लायकीचे होते. आणि पुढचे जनावर केव्हा मिळेल ते देव जाणे! आज भरपूर आणि उद्या काहीच नाही, या दोहोंच्या मधला पूल म्हणजे सुकविलेले मांस.

मांस नासते ते आतल्या पाण्यामुळे. ताज्या लाल मांसात सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असते, आणि नासविणाऱ्या सूक्ष्म जंतूंना जगायला पाणी लागते. मीठ चोळले की ते पाणी बाहेर ओढले जाते, वारा लागला की उडून जाते. जे थोडे उरते ते मिठाने असे धरून ठेवलेले असते की जंतूंना त्याचा उपयोग करता येत नाही. एवढेच यातले शास्त्र. ते पुस्तकात लिहिले जाण्यापूर्वी हजारो वर्षे ते बायकामाणसांच्या हातांत होते.

आता दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या पठारावर चला. दिवसा कडक ऊन, रात्री कडाक्याची थंडी आणि हवा अगदी कोरडी. तिथले लोक लामा नावाच्या जनावराचे मांस पातळ कापून उघड्यावर टाकीत. रात्री ते गोठायचे, दिवसा त्यातले पाणी उडायचे. केचुआ भाषेत याला ‘चार्की’ म्हणतात. इंका राजांनी आपल्या लांबच लांब रस्त्यांवर मुक्कामाची ठाणी आणि कोठारे बांधली होती. त्या कोठारांत धान्याबरोबर आणि सुकविलेल्या बटाट्यांबरोबर हे चार्कीही साठविलेले असे, म्हणजे सैन्य कुठेही गेले तरी उपाशी राहू नये. स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात तेथे आले आणि हा शब्द त्यांनी उचलला. इंग्रजीत सुक्या मांसाला ‘जर्की’ म्हणतात, तो याच शब्दाचा अपभ्रंश होय.

पण या शब्दाचा पुढचा प्रवास ऐका. ब्राझीलमध्ये गाईबैलांचे मांस मिठात घालून वाळवू लागले, त्याचे नाव ‘शार्की’. १७७७च्या सुमारास ईशान्य ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला, तिकडचा धंदा बसला आणि तो दक्षिणेकडे पेलोतास गावाच्या परिसरात सरकला. तिथे नदीकाठी मोठमोठे कारखाने उभे राहिले. त्या कारखान्यांत राबणारे हात गुलामांचे, आणि तयार झालेला मालही पुष्कळसा मळ्यांवरच्या गुलामांच्याच पोटात जायचा. शेजारच्या उरुग्वे-अर्जेंटिनातून असलेच मांस जहाजे भरभरून क्यूबातल्या उसाच्या मळ्यांवर जाई. मालकाच्या हिशेबी ते स्वस्त होते, टिकाऊ होते आणि माणूस कामाला उभा राहण्यापुरते पुरे होते. क्यूबात १८८६ साली आणि ब्राझीलमध्ये १८८८ साली गुलामगिरी संपली, तेव्हा या व्यापाराचेही दिवस फिरले. इंकांच्या कोठारात जे सैनिकांचे अन्न होते, तेच इथे गुलामांचे अन्न झाले होते.

आता आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला येऊ. १६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने केप येथे आपले ठाणे वसविले. पूर्वेकडे जाणारी गलबते तिथे थांबत, ताजे पाणी आणि शिधा घेत. तिथले मूळचे रहिवासी मांस वाळवून ठेवीतच असत. डच वसाहतवाल्यांनी त्यात आपल्याकडचा शिरका घातला आणि मसाल्याच्या व्यापारातून हाताशी आलेले मिरे-धणे घातले, आणि त्यातून ‘बिलटाँग’ नावाचा पदार्थ उभा राहिला. डच भाषेत ‘बिल’ म्हणजे जनावराचा पुठ्ठा आणि ‘टाँग’ म्हणजे जीभ. जिभेसारखी लांबट पट्टी असा त्याचा अर्थ. १८३५ नंतर इंग्रजी राज्याला कंटाळून बोअर शेतकरी बैलगाड्या जुंपून आत मुलखात निघाले, तेव्हा त्यांच्या गाड्यांत हे बिलटाँग असायचे. महिनोन्‌महिने चाललेल्या त्या प्रवासात चूल पेटली नाही तरी चाकूने चार कापट्या काढल्या की जेवण झाले.

हे घरी कसे करतात, असे कोणी विचारील. कृती काही अवघड नाही, पण धीराची आहे. पुठ्ठ्याचे चरबी नसलेले मांस घेऊन धाग्याच्या दिशेने बोटभर जाडीच्या लांब पट्ट्या कापायच्या. त्यांना शिरका लावायचा, मग किलोमागे साधारण वीस-पंचवीस ग्रॅम मीठ, थोडी भरडलेली मिरी, आणि मुख्य म्हणजे भाजून जाडसर कुटलेले धणे चांगले चोळायचे. रात्रभर तसेच थंड जागी मुरू द्यायचे. दुसऱ्या दिवशी सुटलेले पाणी टिपून घेऊन प्रत्येक पट्टी आकड्याला अडकवून टांगायची, एकीला दुसरी चिकटता कामा नये. जागा थंड, कोरडी आणि खेळत्या वाऱ्याची हवी. म्हणून हा उद्योग हिवाळ्यात करायचा. चार दिवसांपासून पंधरवड्यापर्यंत, हवा असेल त्याप्रमाणे, वेळ लागतो, आणि वजन निम्म्यावर आले की झाले. खाताना मात्र धाग्याला आडवे कापायचे, नाहीतर दातांची परीक्षा!

यात चुका दोन होतात. फार कडक ऊन किंवा फार उष्ण वारा दिला तर वरचे कातडे लवकर ताठरते, आतले पाणी आतच कोंडते आणि वरून खुटखुटीत दिसणारा तुकडा आतून नासतो. दुसरी चूक दमट हवेत टांगण्याची. मग बुरशी ठेवलेलीच. म्हणूनच पाहा, ही कला जिथे जिथे वाढली ते मुलूख कोरड्या हवेचे किंवा डोंगरवाऱ्याचे आहेत. मुंबईच्या श्रावणात कोणी हा प्रयोग करू नये, हे वेगळे सांगायला नको.

तुर्कस्तानात कायसेरी नावाचे शहर आहे, समुद्रसपाटीपासून हजार मीटर उंचीवर. तिथला ‘पास्तिर्मा’ प्रसिद्ध. तुर्की भाषेत त्याचा अर्थ ‘दाबलेले’. मांसाला मीठ लावून, वजनाखाली दाबून त्यातले पाणी काढतात, वाळवितात, आणि मग त्यावर एक जाड लेप देतात. हा लेप कशाचा असेल? मेथीचे पीठ, लसूण आणि लाल तिखट! आपल्या डब्यातलीच ही मंडळी. या लेपाने माशी बसत नाही, मांसाला वारा थेट लागत नाही आणि चवही मुरते. नोव्हेंबरात थंडी पडल्यावर पुन्हा चार उबदार दिवस येतात, त्यांना तुर्की लोक ‘पास्तिर्म्याचा उन्हाळा’ म्हणतात, कारण हे काम करायचे दिवस तेच. एखाद्या पदार्थावरून ऋतूला नाव पडावे, यापेक्षा मोठा मान कोणता?

मान म्हटला की इटलीतल्या व्हाल्तेलिना खोऱ्याची आठवण होते. आल्प्सच्या कुशीतल्या या खोऱ्यात कोमो सरोवरावरून ‘ब्रेव्हा’ नावाचा वारा वाहतो. तिथले शेतकरी हिवाळ्याची बेगमी म्हणून गाईबैलाच्या मांडीचे मांस मिठात मुरवून टांगीत आले, त्याला ‘ब्रेझाओला’ म्हणतात. गरीब डोंगरी लोकांचा हा शिधा. आज तो कागदासारखा पातळ कापून, वर लिंबू आणि ऑलिव्हचे तेल घालून मोठ्या हॉटेलांतून वाढतात. १९९६ साली युरोपीय संघाने त्याला भौगोलिक ओळखीचे कायदेशीर संरक्षण दिले. म्हणजे ‘व्हाल्तेलिनाचे ब्रेझाओला’ हे नाव त्या भागाबाहेरच्या कोणाला वापरता येत नाही. गंमत अशी की त्या ब्रेझाओलासाठी लागणारे मांस आता पुष्कळसे ब्राझीलहून येते, आणि ते वशिंडाच्या गुरांचे असते. ब्राझीलमध्ये अशा गुरांची सर्वांत मोठी जात ‘नेलोर’. नाव ओळखीचे वाटले ना? आंध्रातल्या नेल्लोरचेच ते नाव. आपल्याकडची ओंगोल गुरे एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत तिकडे गेली, त्यांची ही संतती.

इतके जग हिंडून झाले. आता घरी येऊ.

मराठवाड्यात आणि एकूण देशावरच्या गावांतून, गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत, मांसाच्या लांब पातळ पट्ट्या कापून दोरीवर वाळत घालीत. त्यांना ‘चान्या’ म्हणतात. कावळे-कुत्री राखीत पोरे खाली बसायची. चान्या खडखडीत वाळल्या की भांड्यात भरून ठेवायच्या आणि अडल्यावेळी निखाऱ्यावर भाजून किंवा कालवणात टाकून खायच्या. अँडीजच्या चार्कीत आणि या चान्यांत कृतीच्या दृष्टीने काय फरक आहे? तीच कोरडी हवा, तीच पातळ पट्टी, तीच पुढच्या उपासमारीची आधीच केलेली तरतूद. फरक आहे तो मानाचा.

आणि हा फरक समजून घ्यायचा तर गावगाड्याकडे पाहिले पाहिजे. गावात जनावर मेले की ते ओढून नेण्याचे काम महारांवर लादलेले होते, आणि त्या मेलेल्या ढोराचे मांस हाच त्या राबणुकीचा एक मोबदला होता. मांस एकदम फार आणि पुढे कित्येक दिवस काही नाही, म्हणून चान्या. ज्या व्यवस्थेने ते ताटात वाढले, तीच व्यवस्था ते खाल्ले म्हणून त्या माणसाला अपवित्र ठरवीत होती. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला जी परिषद भरली, तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, असे आपल्या लोकांना बजावले. त्याचे कारण कुणाच्या आवडीनिवडीत नव्हते. जे अन्न लाचारीची खूण म्हणून पदरात टाकले जाते ते नाकारणे, ही माणूसपणाची पहिली पायरी होती. वस्त्यावस्त्यांनी ते ऐकले आणि पोटाला चिमटा घेऊन पाळले. पुढे १९५८च्या कायद्याने महारवतनासारखी कनिष्ठ गाववतने बंद झाली, आणि त्या जुन्या बांधिलकीचा कायदेशीर आधार गेला.

मग चान्यांचे काय झाले? काही घरांनी त्या कायमच्या सोडल्या. काही ठिकाणी विकत घेतलेल्या मांसाच्या करीत राहिले, पण त्यांचे नाव चारचौघांत काढीनासे झाले. शाळेत, कचेरीत, शहरातल्या शेजारात ती एक लपवायची गोष्ट झाली. आपल्याकडे पाककृतींची पुस्तके काय थोडी निघाली? पण त्यांत चान्या शोधून सापडायच्या नाहीत. दया पवारांच्या ‘बलुतं’ने १९७८ साली त्या जगाचे दार उघडले. पुढे २०१५ साली शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक आले, त्यात मराठवाड्यातल्या या स्वयंपाकाची सविस्तर नोंद झाली, आणि २०२४ साली त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. योगायोग असा की त्याच २०१५ साली महाराष्ट्रात कायद्यात दुरुस्ती होऊन गाईप्रमाणे बैल व वळू यांच्याही कत्तलीला बंदी आली. म्हशी-रेडे त्या बंदीत येत नाहीत. म्हणजे ज्या वर्षी ही कृती कागदावर आली, त्याच वर्षी तिच्यातला एक मुख्य जिन्नस कायद्याने बंद झाला.

त्या कायद्याबद्दल तुमचे-माझे मत काहीही असो, इतिहासाच्या अभ्यासकाला एक गोष्ट नोंदवावीच लागते. पदार्थाला मान मिळतो तो त्याच्या कृतीवरून क्वचितच मिळतो. करणाऱ्याला आणि खाणाऱ्याला जगात काय जागा आहे, त्यावरून तो ठरतो. बोअरांच्या गाडीतले मांस राष्ट्राची आठवण झाले, व्हाल्तेलिनाच्या गरिबांचे मांस कायद्याने जपलेली मिरास झाले, आणि आमच्या वेशीबाहेरच्या दोरीवरचे मांस मात्र खाली मान घालून सांगायची गोष्ट राहिले. खरे म्हणजे दोरी बांधणाऱ्या त्या बाईला ऊन, वारा आणि पाणी यांचे जे ज्ञान होते, ते आल्प्समधल्या शेतकऱ्याहून तसूभरही कमी नव्हते.

ते मांस कोणी खावे की न खावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आपण काय करू शकतो ते सांगतो. तुमच्या घरात, शेजारात कोणी म्हातारी आजी असेल, तर दुष्काळाच्या सालात, बहात्तरच्या उन्हाळ्यात, त्यांनी काय काय वाळवून ठेवले होते ते तिला विचारा. बोंबील म्हणेल, भाजी म्हणेल, बोराचे कूट म्हणेल, कदाचित जरा थांबून चान्याही म्हणेल. ती सांगेल ते न हसता, नाक न मुरडता ऐका आणि जमले तर वहीत उतरून ठेवा. मासळी, मांस आणि भाजी आपण वाळवून राखली. ही माहिती मात्र तिच्याबरोबर गेली की पुन्हा मिळणार नाही.