जुन्या मोटारगाडीतील ब्लूटूथ हँड्सफ्री जोडणी

ज्या मोटारगाडीत कारखान्यातून बाहेर पडताना ब्लूटूथची सोय नव्हती, तिच्यात नंतर एखादे उपकरण बसवून चालकाला फोन हातात न घेता बोलता येईल अशी केलेली व्यवस्था म्हणजे '''ब्लूटूथ हँड्सफ्री जोडणी''' होय. या व्यवस्थेला तीन घटक लागतात: भ्रमणध्वनीशी बिनतारी संपर्क ठेवणारा रिसीव्हर, चालकाचा आवाज टिपणारा माइक आणि पलीकडच्याचा आवाज ऐकवणारा स्पीकर. जुन्या गाडीत स्पीकर बहुधा आधीपासूनच असतात आणि रिसीव्हर स्वस्तात मिळतो. उणीव भासते ती माइकची, आणि जोडणी चांगली की वाईट हे बहुतेक वेळा त्याच्यावरच ठरते. अशा जोडणीने चालकाचा हात मोकळा होतो. त्याचे लक्षही मोकळे होते काय, हा प्रश्न मात्र वेगळा असून त्यावर १९९७ पासून सातत्याने संशोधन झाले आहे.

== पार्श्वभूमी ==

ब्लूटूथच्या तंत्रावरील काम स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन या कंपनीत १९९४ मध्ये सुरू झाले. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी एकत्र येऊन त्याचा प्रसार करणारी संस्था स्थापन केली. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हाराल्ड याचे 'निळ्या दाताचा' हे टोपणनाव या तंत्राला मिळाले. त्याने डेन्मार्कमधील टोळ्यांना एकत्र आणले तसे हे तंत्र निरनिराळ्या उपकरणांना एकत्र आणील, अशी त्यामागची कल्पना होती. हे नाव मुळात तात्पुरते म्हणून सुचवले गेले होते. ते कायम झाले.

मोटारींत या तंत्राचा प्रवेश विसाव्या शतकाच्या अखेरीस नव्हे, तर त्यानंतर झाला. अ‍ॅक्युरा टीएलच्या २००४ च्या आवृत्तीत ही सोय कारखान्यातूनच मिळू लागली. मध्यम व स्वस्त गाड्यांपर्यंत ती पोहोचण्यास आणखी काही वर्षे गेली. दरम्यान, जुन्या गाडीत बसवता येतील अशा संचांची बाजारपेठ उभी राहिली. पॅरिस येथे १९९४ मध्ये स्थापन झालेली आणि पुढे ड्रोनमुळे प्रसिद्धीस आलेली पॅरट ही कंपनी या काळात मुख्यतः अशा संचांसाठीच ओळखली जात असे. ब्रिटनमध्ये १ डिसेंबर २००३ पासून गाडी चालवताना फोन हातात धरण्यास बंदी आली आणि अशा संचांना मोठेच निमित्त मिळाले.

भारतात चित्र थोडे निराळे होते. मारुती ८०० सारख्या गाड्यांच्या साध्या आवृत्त्यांत रेडिओसुद्धा येत नसे. गाडी घेतल्यावर बाजारातून स्टिरिओ व स्पीकर बसवून घेण्याची रीत होती. मुंबईत कुर्ला-कलिना परिसर आणि पुण्यात नाना पेठ अशा कामांसाठी प्रसिद्ध आहेत. त्यामुळे जुन्या भारतीय गाडीत काय आढळेल हे गाडीच्या नावावरून सांगता येत नाही. डॅशबोर्ड उघडूनच पाहावे लागते.

== बोलणे आणि गाणे: दोन वेगळे मार्ग ==

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. मूळ पद्धतीत हा पट्टा ७९ वाहिन्यांत विभागलेला असून दोन्ही उपकरणे सेकंदाला १,६०० वेळा वाहिनी बदलतात. अन्य यंत्रांच्या गर्दीतही संपर्क टिकून राहतो तो याच कारणाने. मोटारीतील अंतर एक-दोन मीटरचेच असल्याने पल्ल्याची अडचण येत नाही.

मात्र दोन उपकरणे जोडली गेली म्हणजे ती सर्व कामे करतील असे नाही. प्रत्येक कामासाठी ब्लूटूथमध्ये स्वतंत्र नियमावली असते. तिला 'प्रोफाइल' म्हणतात. गाणी ऐकण्यासाठी ए२डीपी हे प्रोफाइल आहे. त्यात ध्वनी एकाच दिशेने, फोनकडून गाडीकडे, जातो. संभाषणासाठी एचएफपी हे प्रोफाइल लागते. त्यात ध्वनी दोन्ही दिशांनी वाहतो आणि फोन उचलणे, ठेवणे, क्रमांक लावणे यांचे संकेतही जातात. दूरध्वनी-सूचीतील नावे गाडीच्या पडद्यावर आणण्याचे काम पीबीएपी या तिसऱ्या प्रोफाइलचे. बाजारातील अनेक स्वस्त रिसीव्हरांत केवळ ए२डीपी असते. 'गाणी वाजतात, पण फोन आला की बोलता येत नाही' या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुतांशी येथे असते. त्यात बिघाड असा काही नसतो.

संभाषणाचा आवाज गाण्याच्या तुलनेत कोता वाटतो, यालाही कारण आहे. एचएफपीच्या आरंभीच्या आवृत्त्यांत आवाजाचे नमुने सेकंदाला ८,००० या दराने घेतले जात, म्हणजे जुन्या तारेच्या टेलिफोनइतकेच. १.६ या आवृत्तीपासून हा दर १६,००० करण्याची सोय झाली. तिचा लाभ होण्यासाठी फोन आणि गाडीतील उपकरण या दोहोंत ती असावी लागते.

== जोडणीचे प्रकार ==

कोणता प्रकार योग्य, हे गाडीतील स्टिरिओ ध्वनी कोणत्या वाटेने आत घेऊ शकतो यावर अवलंबून असते.

'''कॅसेट अडॅप्टर''' हा कॅसेटच्या आकाराचा असतो. त्यातील लहानशी चुंबकीय कळ स्टिरिओच्या वाचक-कळीला टेकते आणि फितीशिवायच ध्वनी पोहोचवते. युक्ती जुनी असली तरी एफएम ट्रान्समीटरपेक्षा हिचा आवाज पुष्कळदा स्वच्छ असतो.

'''एफएम ट्रान्समीटर''' सिगारेट लायटरच्या खोबणीत बसतो आणि फोनचा ध्वनी एखाद्या मोकळ्या वारंवारतेवर प्रक्षेपित करतो; गाडीचा रेडिओ तो नेहमीच्या केंद्राप्रमाणे पकडतो. यासाठी एकही तार कापावी लागत नाही, म्हणून हा प्रकार सर्वाधिक खपतो. मर्यादाही याच्याच सर्वाधिक. प्रक्षेपणाची शक्ती मुद्दामच अत्यल्प ठेवलेली असते. युरोपात ती ५० नॅनोवॅटपर्यंत मर्यादित आहे आणि ब्रिटनमध्ये तर २००६ च्या डिसेंबरपर्यंत असा ट्रान्समीटर वापरणेच बेकायदा होते. शहरात मोकळी वारंवारता मिळणे कठीण, आणि मुंबईत मोकळी सापडलेली वारंवारता पुण्यात पोहोचेपर्यंत एखाद्या केंद्राने व्यापलेली असू शकते. माइक लायटरच्या खोबणीतच, म्हणजे गिअरच्या दांड्याजवळ असतो. चालकाच्या तोंडापासून ती जागा दूर, आणि इंजिन व चाकांच्या आवाजाला जवळ.

'''ऑक्स रिसीव्हर''' ३.५ मिलिमीटरच्या खाचेत बसतो. ज्या स्टिरिओला अशी खाच आहे त्याच्यासाठी हा सोपा उपाय होय; मात्र त्यात एचएफपी आणि माइक आहे की नाही हे घेण्यापूर्वी पाहावे लागते. ज्या स्टिरिओला खाच नाही पण मागे सीडी चेंजरची जोडणी आहे, त्याला 'चेंजर जोडलेला आहे' असे भासवणारे अडॅप्टरही मिळतात. '''सन व्हायझरवरील स्पीकरफोन''' गाडीच्या स्टिरिओवर मुळीच अवलंबून नसतो. त्याचा स्पीकर लहान असतो, पण माइक चालकाच्या तोंडासमोर येतो. केवळ बोलण्यासाठी सोय हवी असेल तर या साध्या वस्तूला मिळते त्यापेक्षा अधिक श्रेय मिळावयास हवे.

'''कायमस्वरूपी संच''' स्टिरिओ आणि स्पीकर यांच्या मध्ये जोडला जातो. फोन आला की तो स्टिरिओचा आवाज बंद करून स्पीकर स्वतःकडे घेतो. '''स्टिरिओ बदलणे''' हा शेवटचा मार्ग. स्टिरिओच्या खाचेचा आकार प्रमाणित आहे: एक 'डिन' म्हणजे सुमारे १८० × ५० मिलिमीटर, दुहेरी डिन म्हणजे १८० × १०० मिलिमीटर. जुन्या गाडीची खाच या मापाची असेल तर नवा स्टिरिओ सहज बसतो.

== तारांची जोडणी ==

बाजारातील बहुतेक स्टिरिओंत पिवळी तार बॅटरीकडून सतत येणाऱ्या विजेची, लाल तार चावी फिरवल्यावर मिळणाऱ्या विजेची आणि काळी तार अर्थिंगची असते. पांढऱ्या, करड्या, हिरव्या व जांभळ्या तारांच्या जोड्या चार स्पीकरांच्या असतात. हे रंग स्टिरिओच्या बाजूचे होत. गाडीच्या बाजूला निर्मात्याने आपल्या मर्जीचे रंग वापरलेले असतात, त्यामुळे रंगाला रंग जोडणे धोक्याचे ठरते. आयएसओ पद्धतीच्या जोडपट्टीत चौथा खिळा सततच्या विजेचा आणि सातवा चावीच्या विजेचा असतो. फोक्सवॅगनच्या अनेक गाड्यांत हे दोन नेमके उलट आढळतात. अशा गाडीत तपासणी न करता जोडणी केली तर चावी काढताच स्टिरिओची स्मृती पुसली जाते. मल्टिमीटरने दोन मिनिटे तपासणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

संचाला स्वतंत्र फ्यूज असावा लागतो. संच सततच्या विजेवरच चालत राहिला तर काही दिवस उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरू शकते. काही गाड्यांत लायटरच्या खोबणीलाही चावी काढल्यावर वीज मिळत राहते. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढण्याची शिस्त योग्यच आहे, परंतु कारखान्यातून आलेले काही रेडिओ वीज तुटताच सांकेतिक क्रमांक मागतात आणि तो दिल्याशिवाय चालू होत नाहीत. तो क्रमांक आधी शोधून ठेवणे इष्ट.

जोडणी झाल्यावर इंजिनच्या वेगाबरोबर चढ-उतार होणारी शिट्टी ऐकू आली तर ती सहसा अल्टरनेटरची असते. रिसीव्हर आणि स्टिरिओ यांचे अर्थिंग दोन वेगळ्या ठिकाणी झाल्यास ती ध्वनीच्या तारेत शिरते. दोन्ही अर्थिंग एकाच ठिकाणी घेणे, किंवा मध्ये लहान ट्रान्सफॉर्मर असलेले आयसोलेटर घालणे, हे त्यावरील उपाय होत. फोन येण्याच्या क्षणभर आधी जुन्या स्टिरिओत उमटणारा तुटक घरघराट हा त्याहून निराळा. तो जीएसएम फोनच्या स्वतःच्या लहरींमुळे येतो आणि फोन तारांपासून दूर ठेवताच कमी होतो.

एअरबॅग असलेल्या गाडीत अधिक दक्षता लागते. एअरबॅगच्या तारा व जोडण्या बहुधा पिवळ्या वेष्टणात असतात. त्यांना हात लावू नये. एअरबॅग उघडण्याच्या मार्गात संच, पडदा वा माइक बसवू नये. पुढच्या काचेलगतच्या खांबातून तार नेताना त्याच खांबात पडदा-एअरबॅग आहे काय हे पाहिले पाहिजे.

== माइकची जागा ==

पलीकडच्या व्यक्तीला काय ऐकू येते, याची कल्पना चालकाला नसते. म्हणून माइककडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. माइक चालकाच्या तोंडाच्या दिशेने, सन व्हायझरजवळ किंवा स्टीअरिंगच्या स्तंभावर असावा. वातानुकूलन यंत्राच्या झोतासमोर किंवा उघड्या खिडकीलगत तो असेल तर शब्दांपेक्षा वाराच अधिक पोहोचतो. स्पीकरमधून आलेला आवाज माइकमध्ये शिरून पलीकडच्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो; चांगल्या संचातील प्रक्रियक हा प्रतिध्वनी ओळखून वजा करतो. तरीही स्पीकरचा आवाज फार वाढवल्यास त्याचे काही चालत नाही. जोडणीची खरी परीक्षा म्हणून गाडी चालत्या स्थितीत असताना शेजारी बसलेल्या व्यक्तीने फोन लावून पाहावा.

== फार जुन्या गाड्या ==

वरील सर्व विवेचन १२ व्होल्टच्या आणि ऋण अर्थिंगच्या गाड्यांना लागू आहे. मॉरिस मायनरसारख्या अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, तर फोक्सवॅगन बीटलसारख्या गाड्यांत एके काळी ६ व्होल्टची व्यवस्था होती. पहिल्या प्रकारच्या गाडीत आधुनिक संचाचे धातूचे कवच सांगाड्याला टेकले तर शॉर्ट सर्किट होते. अशा ठिकाणी विलग पद्धतीचा कन्व्हर्टर वापरावा लागतो, अथवा स्वतःच्या बॅटरीवर चालणारा व्हायझर स्पीकरफोन घेऊन गाडीचे मूळ रूप अबाधित ठेवले जाते.

== सुरक्षिततेविषयीचे संशोधन ==

रेडेलमायर व टिबशिरानी यांनी टोरांटोतील ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासून १९९७ मध्ये असा निष्कर्ष मांडला, की फोनवर बोलताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट होते आणि हँड्सफ्रीमुळे ती कमी झाल्याचे दिसत नाही. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या ४५६ चालकांच्या २००५ च्या अभ्यासातही जवळजवळ हाच आकडा आला. युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर व सहकाऱ्यांनी कृत्रिम चालन-यंत्रावर केलेल्या प्रयोगांतून त्याचे कारण पुढे आले: हँड्सफ्रीवर बोलणाऱ्या चालकाची दृष्टी समोरच्या वस्तूवर पडते, पण ती वस्तू त्याच्या मनात नोंदली जात नाही. शेजारी बसलेला सहप्रवासी रस्ता अवघड झाला की आपोआप बोलणे थांबवतो. फोनवरील व्यक्तीला रस्ता दिसत नाही.

याउलट, व्हर्जिनिया टेक येथील संस्थेने प्रत्यक्ष गाड्यांत कॅमेरे बसवून केलेल्या अभ्यासांत खरा धोका नजर रस्त्यावरून हटण्यात आढळला. अवजड वाहनांच्या चालकांनी संदेश लिहिताना तो २३ पटींहून अधिक वाढला, तर हँड्सफ्री संभाषणात तशी वाढ दिसली नाही. या दोन मतांचा मेळ पूर्णपणे बसलेला नाही. हातात फोन धरणे, क्रमांक शोधणे व संदेश लिहिणे घातक आहे, याविषयी मात्र दुमत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने डिसेंबर २०११ मध्ये हँड्सफ्रीसह सर्वच फोनवापरावर बंदीची शिफारस केली.

== कायदा ==

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, गाडी चालवताना हातात धरावयाचे संपर्क-उपकरण वापरणे हे धोकादायक चालनात मोडते. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कारावास, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार, चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने केवळ मार्गदर्शनासाठी असे उपकरण वापरता येते. ब्रिटनमध्ये हँड्सफ्री वैध असले, तरी गाडीवरील ताबा सुटल्याचे आढळल्यास चालकावर स्वतंत्र कारवाई होऊ शकते.

== गाडी विकताना ==

दूरध्वनी-सूची उतरवून घेणाऱ्या स्टिरिओत व संचात जुन्या मालकाची नावे, क्रमांक आणि अलीकडील संभाषणांची यादी साठून राहू शकते. गाडी विकण्यापूर्वी उपकरणातील 'फॅक्टरी रीसेट' हा पर्याय वापरून ती पुसावी लागते. केवळ फोनमधून गाडीचे नाव काढल्याने गाडीतील नोंदी जात नाहीत.