आकृती वाचली, मजकूर राहिला

विन्स्टन रॉइस यांनी ऑगस्ट १९७० मध्ये मोठ्या सॉफ्टवेअर-प्रणालींच्या व्यवस्थापनावर एक छोटा निबंध वाचला. त्याच्या आरंभीच्या भागात एक आकृती आहे. प्रणालीच्या गरजा, सॉफ्टवेअरच्या गरजा, विश्लेषण, आराखडा, आज्ञावलीलेखन, चाचणी आणि प्रत्यक्ष वापर असे सात चौकोन पायऱ्यांसारखे खाली उतरत जातात. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतून हीच आकृती ‘वॉटरफॉल’ पद्धती म्हणून पिढ्यान्‌पिढ्या छापली गेली आणि रॉइस तिचे जनक ठरले. मूळ निबंधात तो शब्द नाही. तो आढळतो बेल आणि थेअर यांच्या १९७६ च्या निबंधात. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की आकृती मांडल्यावर रॉइस लगेच सांगतात : ही कल्पना मला मान्य आहे, पण तिची अशी सरळसोट अंमलबजावणी जोखमीची आहे आणि अपयशाला आमंत्रण देणारी आहे. पूर्वपक्ष म्हणून मांडलेले मत लेखकाच्या नावावर सिद्धान्त म्हणून रूढ व्हावे, हा प्रकार साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. म्हणूनच या प्रकरणाकडे आम्ही वाचनाच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून पाहतो.

रॉइस टीआरडब्ल्यू या अमेरिकन कंपनीत होते आणि अंतराळयानांसाठीच्या सॉफ्टवेअरचा नऊ वर्षांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यांचा आक्षेप अगदी व्यवहारी आहे. वेळेचे गणित, स्मृतीची क्षमता, माहितीची आवकजावक या गोष्टी आधीच्या पायऱ्यांवर कागदावर मांडल्या जातात. त्या पहिल्यांदा प्रत्यक्ष अनुभवाला येतात त्या चाचणीच्या वेळी, म्हणजे जवळजवळ शेवटी. तेथे काही बिनसले तर दोन ओळी बदलून भागत नाही. आराखडाच मोडावा लागतो, कधी मूळ गरजाच बदलाव्या लागतात, आणि खर्च किंवा कालावधी दुप्पट होऊ शकतो. म्हणून उरलेल्या निबंधात ते पाच उपाय सुचवतात. त्यांतला आम्हांस सर्वांत लक्षणीय वाटतो तो असा, की काम दोनदा करावे. तीस महिन्यांचे काम असेल तर सुरुवातीलाच दहा महिन्यांचा छोटा नमुना बांधून पाहावा आणि जी चूक व्हायची ती त्यात होऊ द्यावी. अर्थात रॉइस यांना उलट बाजूने पुढच्या काळातील बंडखोरांचे पूर्वज ठरवणेही चुकीचे होईल. कागदपत्रांवर त्यांची गाढ श्रद्धा होती. पन्नास लाख डॉलरचे यंत्र विकत घ्यायला तीस पानांचे वर्णन पुरेल, पण तेवढ्याच किमतीच्या सॉफ्टवेअरला दीड हजार पाने लागतील, असा त्यांचा हिशेब आहे!

मग मजकूर मागे पडून आकृती का टिकली? निव्वळ आळस हे उत्तर पुरेसे नाही. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे ‘नाटो’ने भरवलेल्या परिषदेत ‘सॉफ्टवेअरचे अरिष्ट’ ही भाषा ऐकू आली होती. आयबीएमच्या ओएस/३६० प्रकल्पाला झालेल्या विलंबाचे विश्लेषण फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. पैसा देणाऱ्याला, विशेषतः सरकारला, असे काहीतरी हवे होते की ज्यावर बोट ठेवून ‘एवढे झाले, एवढे बिल चुकते करा’ असे म्हणता यावे. ही सोय पायऱ्यांच्या आकृतीत होती. प्रत्येक पायरीवर एक दस्तऐवज आणि प्रत्येक दस्तऐवजावर सही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८५ मध्ये २१६७ क्रमांकाचे मानक काढले, तेही बहुतेक कंत्राटदारांनी याच चालीवर वाचले.

येथे मराठीतील एक शब्द उपयोगी पडतो. आपल्याकडे ‘जोखीम’ म्हणजे केवळ धोका नव्हे. दुसऱ्याने विश्वासाने हवाली केलेला दागिना किंवा रोकड हीदेखील जोखीमच. धोका ओढवतो, जोखीम कोणीतरी सांभाळायची असते. पायऱ्यांच्या पद्धतीने प्रकल्प फसण्याचा धोका फारसा कमी केला नाही. फसल्यास जोखीम कोणाच्या पदरात होती, हे मात्र तिने सह्यांनिशी ठरवून दिले. ग्राहकाने गरजांवर सही केली की पुढची जबाबदारी कंत्राटदाराची, आणि गरज बदलली तर पुन्हा ग्राहकाची. तंत्रज्ञाला निरर्थक वाटणारा हा कागदोपत्रीपणा वकिलाला अर्थपूर्ण वाटतो. आमच्या मते या पद्धतीच्या दीर्घायुष्याचे रहस्य येथे आहे. १९८७ मध्ये ब्रुक्स यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने लष्करी सॉफ्टवेअरच्या या व्यवहारावर टीका केली. मानक बदलायला १९९४ उजाडले.

दरम्यान बॅरी बोहम यांनी, तेही टीआरडब्ल्यूमधलेच, १९८८ मध्ये ‘स्पायरल’ पद्धती सविस्तर मांडली. तिच्या प्रत्येक फेऱ्यात सर्वांत मोठी अनिश्चितता कोठे आहे हे आधी विचारले जाते आणि पुढचे काम त्या उत्तरावरून ठरते. पडद्यावर काय दिसावे याचीच खात्री नसेल तर नमुना करा. गरजा खरोखरच पक्क्या असतील तर पायऱ्यांनी खुशाल उतरा. म्हणजे ‘वॉटरफॉल’ ही शत्रुपक्षाची पद्धत न राहता एका विशिष्ट परिस्थितीचे उत्तर ठरते. एवढा समंजसपणा पुढच्या वादांत फारसा दिसला नाही.

केंट बेक यांच्या १९९९ च्या ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’वरील पुस्तकाचे पहिले प्रकरण जोखमीवरच आहे. २००१ च्या फेब्रुवारीत युटा राज्यातील स्नोबर्ड येथे सतरा जणांनी ‘अजाइल’ जाहीरनामा काढला. थोडे करा, दाखवा, बदला. यात चूक लवकर सापडते हे खरे. पण दर पंधरवड्याला काय महत्त्वाचे आणि काय नाही हे सांगण्याचा भार आता ग्राहकाच्या प्रतिनिधीवर येतो. बहुधा ती एकच व्यक्ती असते, आणि आपल्या कचेरीतील इतरांच्या वतीने तिला तोंडी शब्द द्यावा लागतो. बेक यांची पद्धत ज्या क्रायस्लर कंपनीच्या पगारपत्रक-प्रकल्पात घडली, त्याने १९९७ मध्ये काही कर्मचाऱ्यांचे पगार काढायला सुरुवात केली आणि २००० मध्ये तो बंद करण्यात आला. समर्थक पहिले वर्ष सांगतात, विरोधक दुसरे.

रॉइस १९९५ मध्ये वारले. त्यांचे पुत्र वॉकर रॉइस यांनी याच क्षेत्रात काम केले आणि १९९८ मध्ये सॉफ्टवेअर-प्रकल्पांच्या व्यवस्थापनावर पुस्तक लिहिले. त्याच्या पहिल्याच प्रकरणात त्यांनी वडिलांचा निबंध पुन्हा उलगडून दाखवला आहे. त्यात आकृतीच्या जोडीला ते पाच उपायही आहेत.